डबा घेऊन आलेल्याला कोण अडवणार?

भाजलेल्या शेंगदाण्यांच्या क्रेटपाशी मी स्टुलावर बसले होते. डोक्यावर टोपी, अंगात ॲप्रन, हात साबणाने स्वच्छ धुतलेले. आणि ॲप्रनच्या आत, कमरेशी खोचलेलं विष.

खरं विष नव्हतं. लॅमिनेट केलेलं एक लाल कार्ड होतं आणि त्यावर शिरसट मॅडमनी मार्करने ‘विष’ असं लिहिलं होतं. पण हे खरंच आहे असं समजून वागायचं, असं त्यांनी बजावलं होतं. समोर लक्ष्मीअक्का उभ्या होत्या. शेंगदाणे निवडणाऱ्या बायकांवर त्यांची देखरेख असते.

“जेवलीस का ग? तोंड बघ किती सुकलंय.”

मी मानेनेच नाही म्हटलं. तेवढ्यात कुणाचे तरी केस टोपीबाहेर आले म्हणून ओरडायला त्या वळल्या, आणि मी कार्ड क्रेटमध्ये सरकवलं. कुणी पाहिलं नाही. पाहिलंही असेल, पण सचिनची बहीण क्रेटपाशी काय करते याकडे कोण कशाला लक्ष देईल?

मी सचिनची बहीण नाही. सचिन कोण, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं.

मी फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत. मी नेमकं काय शिकते हे त्यांना अजून नीट सांगता आलेलं नाही. ते लोकांना सांगतात, ‘पोरगी खाण्याचं शिकते.’ शेवटच्या वर्षी आम्हाला कारखान्यात ट्रेनिंग करावं लागतं. मला चिंचोळी एमआयडीसीतला शेंगा चटणीचा कारखाना मिळाला.

पहिल्या दिवशी मी नवा ड्रेस घालून गेले. क्वालिटी मॅनेजर शिरसट मॅडम मला कारखान्यात भेटल्याच नाहीत. त्यांनी रस्त्याच्या पलीकडच्या चहाच्या टपरीवर बोलावलं.

“तुला इथं कुणी ओळखतं?”

“नाही मॅडम.”

“छान. तुझं हे क्वालिफिकेशन फक्त आजच्यापुरतं आहे. वापरून घेऊ.”

मग त्यांनी चहा पिता पिता समजावलं. कारखान्यात अन्न तीन प्रकारे बिघडतं. एक, चुकून. खडा गेला, केस गेला, कुणी हात धुतले नाहीत. ते टाळणं म्हणजे फूड सेफ्टी. दोन, पैशाच्या लोभाने. मिरचीत रंग मिसळायचा, हलका माल भारी म्हणून विकायचा. तो फूड फ्रॉड. आणि तीन, कुणीतरी मुद्दाम, इजा करायलाच आत काही टाकतं. राग असलेला जुना कामगार असेल, एखादा स्पर्धक असेल, नाहीतर नुसतंच माथं फिरलेला माणूस. त्याला रोखणं म्हणजे फूड डिफेन्स.

“पहिल्या दोन्हीत आपण बरे आहोत,” मॅडम म्हणाल्या. “मिरची आपण अख्खी घेतो, समोर कुटतो. तिसऱ्याचं मला माहीत नाही. आज कळेल.”

शेंगा चटणीत हे जास्त जपावं लागतं. शेंगदाणे एकदा भाजून झाले की पुढे नुसतं कुटणं आणि पॅकिंग. घरी गेल्यावर चटणी कुणी शिजवत नाही, सरळ भाकरीवर घेतात. आणि कुटताना मशीन सगळं एकजीव करतं. म्हणजे एका क्रेटमध्ये पडलेली गोष्ट त्या दिवशीच्या सगळ्या पाकिटांत जाते.

माझं काम सोपं होतं. अनोळखी म्हणून आत जायचं, कार्ड मालाच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवायचं. भिंत चढायची नाही. कुणी अडवलं की फोन करायचा.

“आत जायला काय सांगू?”

मॅडमनी पिशवीतून स्वतःचा डबा काढून माझ्या हातात दिला. “सचिनचा डबा आणलाय म्हण.”

“सचिन कोण?”

“अगं, कुठल्याही कारखान्यात एक सचिन असतोच.”

मला मनापासून वाटत होतं की गेटवरच अडवतील आणि मी सुटेन. खोटं बोलायची मला सवय नाही. बोलले की कान लाल होतात.

गेटवर दत्तूमामा होते. वय झालेलं, मिशा पांढऱ्या, खाकी शर्टाची वरची गुंडी उघडी.

“कुणाची ग तू?”

हा प्रश्न मला लहानपणापासून आवडत नाही. आमच्याकडे त्याच्या पाठोपाठ गाव येतं, मग आडनाव येतं, आणि आडनाव कळलं की काही लोकांचा आवाज बदलतो. पण मामा पुढे काही विचारतील त्याआधी मीच म्हणाले, “डबा आणलाय. सचिनचा.”

“कंचा सचिन? पॅकिंगचा का बॉयलरचा?”

मी गडबडले. “पॅकिंगचा.”

“बहीण हायस व्हय त्याची? तरीच. नाक अगदी तसंच हाय की!”

टेबलावर व्हिजिटर रजिस्टर होतं, मी त्याच्याकडे बघितलं.

“ते सेल्समन लोकांसाठी हाय. तू घरची. जा बाई आत, ऊन लई हाय.”

आत लक्ष्मीअक्कांनी मात्र मला चांगलंच अडवलं. डबा आत न्यायचा नाही, इथं मांडणीवर ठेव. चप्पल काढ. कानातलं काढ. टोपी घाल, अशी नाही, केस सगळे आत. हात धू. मी धुतले तर म्हणाल्या, “हे काय धुणं? नखातून धू.” मी परत धुतले. डब्यात लपवलेलं कार्ड मी तो मांडणीवर ठेवतानाच कमरेशी खोचलं होतं, त्यावर आता ॲप्रन चढला.

“सचिन गाडी भरायला मागं गेलाय. इथं पत्रा तापतोय, आत कूलरपाशी बस.”

कूलर शेंगदाण्यांच्या क्रेटपाशीच होता. स्टूलही त्यांनीच आणून दिलं.

थोडक्यात, विष टाकायला आलेल्या मुलीला या कारखान्याने नखांतून हात धुवायला लावले आणि मग कूलरपाशी बसवलं.

मी फोन केला तशा मॅडम लगेच आत आल्या. क्रेट बाजूला काढायला लावली, कार्ड उचललं आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

दुपारी मालकांच्या केबिनमध्ये बसलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आधी ते खूप हसले. नाकाचं ऐकून तर डोळे पुसायला लागले. मग मॅडम म्हणाल्या, “अण्णा, पुण्याची पार्टी ऑडिटर पाठवणारे. तो पण अशीच टेस्ट करेल. न सांगता.”

अण्णांचं हसू थांबलं. पुण्याच्या पार्टीची दुकानं राज्यभर आहेत. ऑर्डर मिळाली तर दुसरी शिफ्ट सुरू होणार होती.

“मामाला काढा,” अण्णा म्हणाले. “एजन्सीचा गार्ड आणा. तरणा.”

मामांनी मला उन्हातून आत जा म्हटलं होतं, आणि आता त्याचाच पुरावा म्हणून मी तिथे बसले होते. बोलावं की नाही कळेना. पण मॅडम म्हणाल्या, “आत ती होती. तिला विचारा.”

“सर, मामांनी सोडलं हे खरं. पण आतही मला कुणी विचारलं नाही. कार्ड कुणी पकडलं नाही. मग सगळ्यांनाच काढावं लागेल, सर.”

“मला सर म्हणू नको. बोलवा मामाला.”

मामा आले. सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि ते बघणं मला आवडलं नाही. मग अण्णांना म्हणाले, “अण्णा, तुमीच म्हणला हुता की. डबा घिऊन आलेल्या माणसाला उन्हात उभं करायचं न्हाय. त्या सुरेशची आई चक्कर यून पडली हुती तवा.”

मॅडम छताकडे बघत होत्या.

“बरं,” अण्णा शेवटी म्हणाले. “ऑडिटपर्यंत मामा राहतील. पण ऑडिटला कुणी आत घुसलं, तर मामा घरी. आणि मॅडम, हे नीट कोण करणार?”

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. असा मला ट्रेनिंगचा प्रोजेक्ट मिळाला.

मी पुस्तकात वाचलेलं सगळं केलं. ओळखपत्रं केली. गेटवर बोर्ड लावला: ‘अनोळखी व्यक्तीस प्रवेश नाही.’ मामांनी तो मोठ्याने वाचला.

“अनोळखी म्हंजे?”

“ज्यांना आपण ओळखत नाही ते, मामा.”

“मग इचारलं की वळख हुतीच की.”

हे मात्र खरं होतं. आपल्याकडे माणूस दोन मिनिटांच्या वर अनोळखी राहतच नाही. गाव कळतं, पाव्हणे निघतात, निदान नाक तरी जुळतं.

मग मी मामांना सांगितलं, ओळखपत्र नाही त्याला सोडायचंच नाही. मामांची नोकरी पणाला लागली होती, त्यांनी ते मनावर घेतलं. पहिल्या दिवशी पाण्याचा टँकर अडवला. चहावाल्याला अडवलं, त्यामुळे पॅकिंगवाले चिडले. आणि दुपारी, भर उन्हात, अण्णांचा डबा घेऊन आलेल्या वहिनींना अडवलं.

वहिनी म्हणजे अण्णांच्या मिसेस. मामा त्यांना लग्न झाल्यापासून ओळखतात.

“मामा, मी आहे की!”

“वळखतो वहिनी. पर कार्ड न्हाय.”

वहिनींनी गेटवरूनच अण्णांना फोन लावला. काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही. अण्णा स्वतः धावत गेटपर्यंत गेले, डबा घेतला आणि परत येताना माझ्या टेबलापाशी थांबले.

“पोरी, तुझा प्रोजेक्ट मला घरी उपाशी ठेवणार.”

त्या रात्री मी हॉस्टेलवर रडले. मला वाटलं, मी खाण्याचं शिकतेय, पण माणसांचं मला काही येत नाही.

सकाळी मॅडमना सांगितलं, बोर्ड काढू या. त्या म्हणाल्या, काढ, पण त्या जागी काय? तेव्हा मला इतकंच सुचलं होतं की मामांना वाईट वागायला लावून चालणार नाही. त्यांना पाहुण्याला पाणी द्यायचंच आहे. तर ते बाहेरच देऊ दे.

गेटबाहेर कडुलिंब आहे. त्याखाली आम्ही एक बाकडं टाकलं, माठ ठेवला. कारखान्यात पडून असलेला एक पंखा मामांनीच दुरुस्त करून लावला. मामांच्या टेबलावर फोन बसवला. नियम एकच: येणाऱ्याला बाकड्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि ‘कुणाकडे आलात?’ एवढंच विचारायचं. ज्याचं नाव सांगतील त्याला फोन करून बाहेर बोलवायचं. डबा घ्यायला डब्याचा मालक बाहेर येईल. अगदी अण्णा असले तरी.

“गाव इचारायचं न्हाय?”

“विचारा ना. पण बाकड्यावर.”

तरी मला न आवडणाऱ्या ‘कुणाची ग तू?’ या प्रश्नाच्या जागी वेगळा प्रश्न आला याचा मला थोडा आनंद झालाच.

आतल्यांसाठी मला वेगळी युक्ती लागणार होती. अनोळखी माणसाला हटकायला इथे सगळे लाजतात, पण टोपी नसलेल्या माणसावर ओरडायला कुणी लाजत नाही. तिथे मालक असो वा साहेब. मग आम्ही टोप्यांचा उघडा खोका कुलपात टाकला आणि किल्ली लक्ष्मीअक्कांकडे दिली. टोपी फक्त त्यांच्या हातून. त्या ज्याला ओळखत नाहीत त्याला टोपी नाही. आणि टोपी नाही म्हटल्यावर सगळा हॉल त्याच्यावर ओरडणारच.

हे सांगायला मी सगळ्यांची मीटिंग घेतली. माझं पहिलंच भाषण. मी लिहून नेलेलं वाचायला लागले, ‘अन्नसाखळीचे संरक्षण ही आपली सामूहिक जबाबदारी आहे.’ बायका माझ्याकडे शाळेतल्यासारख्या बघत होत्या.

मागून सचिन म्हणाला, “ताई, पण आपल्या चटणीत कोण कशाला विष घालील?”

मी त्याची बहीण बनून आले त्या दिवसापासून तो मला ताईच म्हणत होता. सगळे हसले. मी कागद घडी करून ठेवला.

“मी घातलं होतं ना,” मी म्हणाले.

हसणारे माझ्याकडे बघायला लागले.

“मला तुमचा राग नव्हता, काही नव्हतं. मला फक्त सांगितलं होतं. ती क्रेट मशीनमध्ये गेली असती तर त्या दिवशीच्या सगळ्या पाकिटांत ते गेलं असतं.”

लक्ष्मीअक्का पुढेच बसल्या होत्या. “त्या दिवशीची फुटकी पाकिटं आम्ही घरी नेली होती,” त्या हळूच म्हणाल्या. “माझी नात चटणीशिवाय जेवत नाही.”

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मी तुला हात धुवायला लावले ग. नखातून.”

मी सॉरी म्हणाले. त्यांनी किल्ली पदराला बांधली आणि निवडायला निघून गेल्या. चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

ऑडिटर आला. सडसडीत, बिनसाखरेचा चहा घेणारा, आवाज अगदी मऊ. सकाळभर तो कागद बघत होता. मिरची कुठून घेता, कुठल्या पाकिटात कुठल्या दिवशीचे शेंगदाणे गेले, सगळं. मध्येच घड्याळ बघत होता. मॅडमनी मला डोळ्यांनी खूण केली. मी गेटकडे गेले आणि कडुलिंबाच्या पलीकडे उभी राहिले. मध्ये पडायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं.

एक गृहस्थ रिक्षातून उतरले. कपाळाला गंध, पांढरा सदरा, चेहरा आनंदाने फुललेला. हातात पेढ्यांचा खोका.

मला वाटलं, संपलं. डब्याला बाकडं टाकलं, पण पेढ्यांचा विचार मी केलाच नव्हता. पेढे आणणाऱ्याला आपल्याकडे कोण बाहेर बसवतं?

“या या,” मामा उठले. “कुणाकडं आलाय?”

“अहो, पॅकिंगच्या सचिनचा मामा मी! त्याला मुलगा झाला! सगळ्यांना पेढे वाटायला आलोय. आत जाऊन येतो पटकन.”

सचिनचं नाव ऑडिटरने सकाळीच पॅकिंगच्या कागदावर वाचलं होतं.

मामांचा चेहराही फुलला. “आरं वा! सचिनला पोरगा? बसा बसा, हितं सावलीत बसा. पाणी घ्या.” त्यांनी बाकडं झटकलं, पाणी दिलं, पंखा त्यांच्या बाजूला वळवला. आणि मग फोन उचलला. “सचिनला भाईर पाठवा. मामा आल्यात त्याचं.”

पाहुणे म्हणाले, “कशाला त्याला त्रास? मीच जातो की.”

“न्हाय न्हाय. त्यो येतोय की. मानाचं पाव्हणं तुमी, तुमाला कशाला पाठवू आत?”

सचिन टोपी हातात घेऊन बाहेर आला. पाहुण्यांकडे बघितलं. मग मामांकडे.

“अभिनंदन रं!” मामा म्हणाले.

“कशाचं?”

“पोरगा झाला नव्हं तुला!”

“मला?” सचिन ओरडला. “माझं लग्न कुठं झालंय, मामा! मुली बघतायत अजून!”

पाहुणे हसू दाबत उठले आणि खिशातून लाल कार्ड काढलं. अगदी माझ्या कार्डासारखंच. ते आत गेलंच नव्हतं. मी तिथेच कडुलिंबाला टेकून खाली बसले.

संध्याकाळी अण्णांच्या केबिनमध्ये ऑडिटरने मऊ आवाजात रिपोर्ट वाचला. गेट समाधानकारक. हॉलचा प्रवेश समाधानकारक. टोपीची पद्धत त्याला आवडली, इतर कारखान्यांत सांगीन म्हणाला. अण्णा खुर्चीत मागे रेलले.

“एक निरीक्षण मात्र आहे,” ऑडिटर म्हणाला. “सचिनची वाट बघताना पाहुण्यांनी तुमच्या गार्डला पेढा दिला. गार्डने तो खाल्ला.”

आम्ही सगळ्यांनी दारात उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं.

“पोरगा झाला म्हणलं त्यांनी,” मामा म्हणाले. “तोंड गोड न्हाय करायचं व्हय?”

“म्हणजे कारखाना वाचला,” ऑडिटर म्हणाला, “पण टेस्टच्या नियमानुसार गार्ड मयत आहे.”

मॅडमनी वहीत तोंड लपवलं. मामा घाबरून अण्णांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, आता नोकरी गेली.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. “मयत माणसाला कामावरून कसं काढायचं हो? राहू दे मामाला.”

ऑर्डर मिळाली. दुसरी शिफ्ट सुरू झाली. लक्ष्मीअक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला आपल्या डब्यातली भाकरी दिली. आणि मला त्या एका निरीक्षणावर उपाय लिहून पाठवायचा होता. मी बराच वेळ कोऱ्या कागदापुढे बसले. गेटवर संशयी माणूस ठेवण्यापेक्षा प्रेमळ माणसाला बाकडं आणि फोन देणं स्वस्त पडतं, एवढं मी या ट्रेनिंगमध्ये शिकले. पेढ्याला नाही कसं म्हणायचं, यावर मात्र मला, मॅडमना आणि अण्णांना अजून काही सुचलेलं नाही.